ऋणमोचन : नासरेथ ते कुंडल

प्रभू येशूने शिकविलेली प्रार्थना आपण दिवसातून कितीदा तरी म्हणतो. सकाळी उठल्यावर, मिस्साबलीत, रोझरीच्या प्रत्येक दशकाआधी, आजाऱ्याच्या उशाशी आणि मृताच्या कबरीपाशी. इतक्या वेळा ओठांवर आलेल्या शब्दांचा अर्थ मनाला नव्याने जाणवणे कठीण होऊन बसते. या प्रार्थनेत एक मागणे असे आहे की, त्याची पूर्तता देवाने करावी यासाठी आपण स्वतःच एक अट घालून घेतो. आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हांला कर, असे आपण म्हणतो. आपल्या नेहमीच्या पाठात तेथे 'अपराध' हा शब्द आहे. परंतु संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक पाठात त्या जागी असलेल्या शब्दाचा सरळ अर्थ 'देणे' किंवा 'ऋण' असा आहे. जुन्या मराठी भाषांतरकारांनी तो 'ऋण' असाच ठेवला होता. संत लूकने मागण्याच्या पूर्वार्धात 'पापे' हा शब्द वापरला. मात्र उत्तरार्धात त्यालाही आपला देणेकरीच आठवला.

याचे कारण प्रभूच्या बोलीभाषेत सापडते. अरामी भाषेत कर्ज आणि पाप या दोहोंसाठी एकच शब्द होता. गालीलमधील ज्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी ही प्रार्थना प्रथम ऐकली, त्यांना तो शब्द ऐकताच आधी काय आठवले असेल? मंदिरातील पापबळी की सावकाराच्या पेटीतील खत? आम्हांला वाटते, दोन्ही एकदम आठवले असावे. पुढे शतकानुशतके आपण त्यातील पाप तेवढे ठेवले आणि कर्ज हळूच बाजूला सारले. पाप हा विषय देवळातला आणि कर्ज हा बाजारातला, अशी वाटणी आपण करून टाकली. ही वाटणी बायबलला मान्य आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्ही वाचकांना पॅलेस्टाईनबरोबरच आपल्या महाराष्ट्रातील एका गावी नेणार आहोत. ते गाव म्हणजे कुंडल.

कृष्णाकाठचा मुलूख

पुणे-मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी हे स्थानक आहे. तेथून कुंडल अगदी जवळ. गावाशेजारच्या डोंगरात झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ ही जैनांची तीर्थस्थाने आहेत. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते. १९४९ पूर्वी मात्र आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यात होता आणि त्या ब्रिटिश मुलखाच्या मध्येच कुंडलची गावे औंध संस्थानाच्या हद्दीत होती. एक शेत इंग्रजांचे, तर बांधापलीकडचे पंतप्रतिनिधींचे, अशी तेथील स्थिती.

या मुलखातील शेतकऱ्याचे कर्ज समजून घ्यायचे तर १८७५ सालापर्यंत मागे जावे लागते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू असताना आपल्याकडच्या कापसाला अमाप भाव आला. सावकारांनी सढळ हाताने पैसा दिला, कुळांनीही तो घेतला. युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने फेरजमाबंदी करून अनेक तालुक्यांत सारा वाढविला. सारा रोख भरावयाचा आणि ठरलेल्या हप्त्याला भरावयाचा. पीक घरात येवो अथवा न येवो. मग सावकाराच्या ओटीवर जाण्यावाचून गत्यंतर काय?

त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने भर घातली. साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली. हेतू असा की, जुनी खते उकरून काढून सावकाराने कुळाला नाडू नये. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून मांडले जाई. अक्षरशत्रू कुणबी त्यावर आपली निशाणी करी. शंभराचे दोनशे कसे झाले, हे त्याला कधीच कळत नसे. इंग्रजी न्यायालय खतावरील आकडा पाहून हुकूमनामा देई. पूर्वीच्या गावपंचायतीसमोर दामदुपटीचा विचार होई, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल होऊ नये हा या देशातील जुना दंडक. नव्या न्यायासनापुढे त्या दंडकाचे बळ ओसरले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी लोकांचा संयम सुटला. त्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली, खते आणि वह्या बाहेर काढल्या आणि त्यांना आग लावली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सातारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील कुकरूड या गावीही सावकाराची कागदपत्रे जाळण्यात आली. हे कुकरूड आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. या उठावांत लोकांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर अधिक होता, ही गोष्ट चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाच्याही ध्यानात आली. शेतकरी लग्नकार्यांत उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, या सोप्या समजुतीला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असेही त्याच आयोगाने नमूद केले. आजही ती समजूत आपल्यात बोलून दाखविली जाते, म्हणून हा उल्लेख.

पाणी, आग आणि शिंग

कागद जाळण्याची ही घटना जगाच्या इतिहासात एकटी नाही. इ. स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमन सत्तेविरुद्ध बंड केले तेव्हा जेरुसलेममधील बंडखोरांनी सावकारांचे कर्जरोखे जेथे ठेवले होते ते दफ्तरखाने पेटवून दिले, असे इतिहासकार योसेफस सांगतो. कर्जदारांना आपल्या बाजूला वळवावे आणि गरिबांनी धनिकांविरुद्ध निर्भयपणे उठावे, हा त्यामागील हेतू असल्याचेही तो लिहितो. प्रभूने आपल्या शिष्यांना ऋण सोडावयास शिकविले, त्याला तेव्हा पुरती चाळीस वर्षेही झाली नव्हती. ज्या नगरात ऋणमोचनाची वाणी ऐकली गेली नाही, तेथे ऋणपत्रांची होळी झाली.

आपल्या महाराष्ट्राच्या स्मृतीत मात्र आगीच्या आधी पाणी आहे. संत तुकारामांच्या घरी पिढीजात महाजनकी होती. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात त्यांनी आपल्या घरातली आणि गावातली माणसे मरताना पाहिली. पुढे त्यांनी घरातील कर्जखते बाहेर काढली, धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भावाच्या संसाराचा हक्क त्यांनी मोडला नाही, स्वतःचा तेवढा सोडला. सुप्याची आग ही कुळांनी लावलेली होती. इंद्रायणीत सोडलेली खते सावकाराने स्वतःच्या हातांनी सोडलेली होती. एका कृतीत संताप आहे, दुसऱ्या कृतीत अनुताप आहे.

बायबल या दोहोंहून वेगळी वाट दाखविते. संतांच्या अनुतापाची वाट पाहत गरिबाने बसावे, असे ते म्हणत नाही आणि त्याने मशाल हाती घ्यावी, असेही म्हणत नाही. ते ऋणमोचनाला पंचांगात जागा देते. निर्गमच्या पुस्तकात गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज घेऊ नये अशी आज्ञा आहे आणि त्याचे पांघरूण गहाण घेतले असल्यास सूर्यास्तापूर्वी परत करावे असे सांगितले आहे, कारण रात्री तो काय अंगावर घेईल? अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडण्याचा नियम आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी, योबेलच्या वर्षी, विकली गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि कर्जापायी दास झालेल्यांनी आपल्या घरी परतावे असा आदेश आहे. त्यामुळे जमीन विकताना योबेलपर्यंत किती पिके निघतील तेवढ्याचीच किंमत घ्यावयाची. जमीन परमेश्वराची, माणूस तिच्यावरचा उपरी. म्हणून ती कायमची विकता येत नाही, हा त्यामागील विचार.

योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. ते शिंग कोणत्या दिवशी फुंकावयाचे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ते प्रायश्चित्ताच्या दिवशी फुंकावयाचे. सर्व लोकांच्या पापांची क्षमा ज्या दिवशी मागितली जाई, त्याच दिवशी जमिनी सोडण्याचा पुकारा होई. देवाकडून पापमुक्ती घेतलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी शेजाऱ्याचे शेत दाबून ठेवता येऊ नये! ग्रीक बायबलमध्ये या ऋणमोचनासाठी आणि योबेलसाठी जो शब्द योजला आहे, तोच शब्द नव्या करारात पापक्षमेसाठी आला आहे. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने यशया संदेष्ट्याचे पुस्तक उघडून दीनांसाठी शुभवर्तमान आणि बंदिवानांसाठी सुटका जाहीर केली, तेव्हाही संत लूकने हाच शब्द वापरला. देवळातील क्षमा आणि बाजारातील सूट यांच्यासाठी पवित्र लेखकांना दोन शब्दांची गरज वाटली नाही.

राजांनी कर्जे माफ करण्याची चाल त्या काळी नवी नव्हती. बाबिलोनचे राजे सिंहासनावर बसताना किंवा प्रजेतील असंतोष वाढला की असे जाहीरनामे काढीत. इ. स. पूर्व सतराव्या शतकातील अम्मिसदुका राजाचा असा एक आदेश उपलब्ध आहे. बायबलचे वेगळेपण हे की, तेथे माफी राजाच्या मर्जीवर टांगलेली नाही. ती ठरल्या वर्षी यावयाचीच. राजा उदार असो वा कृपण. निवडणुकांच्या तोंडावर होणाऱ्या घोषणांची सवय झालेल्या आपल्या पिढीला हा भेद सहज समजावा.

नहेम्याची सभा

नियम असला तरी तो पाळला जातोच असे नाही. इ. स. पूर्व पाचव्या शतकात नहेम्या जेरुसलेमचा तट बांधीत होता. तेव्हा सामान्य लोक आणि त्यांच्या बायका आक्रोश करीत त्याच्यापुढे आल्या. दुष्काळात धान्य मिळावे म्हणून काहींनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती. काहींनी राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढले होते. काहींच्या मुली दासी म्हणून विकल्या गेल्या होत्या. घेणारे परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते. दुष्काळ, सारा, सावकार, गहाणखत! दख्खनच्या शेतकऱ्याने हा अध्याय ऐकला असता, तर ही कथा आपल्याच तालुक्याची आहे असे त्याला वाटले असते.

नहेम्याने धनिकांना खासगीत समजावले नाही. त्याने सभा बोलावली आणि सर्वांसमक्ष त्यांना जाब विचारला. आपण स्वतः, आपले भाऊ आणि आपले सेवकही लोकांना पैसा व धान्य उसने देत आहोत, हे त्याने त्याच सभेत उघडपणे सांगितले; घेणे सोडण्याच्या आवाहनात त्याने स्वतःलाही धरले. शेते, मळे, घरे आणि घेतलेले व्याज परत करण्याची शपथ त्याने पुरोहितांसमोर घ्यावयास लावली. मग आपल्या वस्त्राचा ओचा झटकून, शब्द मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाकील, असे तो म्हणाला. लोकांनी 'आमेन' म्हटले. आमच्या मते बायबलमधील ऋणमोचनाचा हा सर्वांत व्यवहारी प्रसंग आहे, कारण येथे नियम, पुढारी, साक्षीदार आणि पश्चात्ताप एकत्र आले आहेत.

कायद्याची वाट

१८७५ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला. खतावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. हे मोठे पाऊल होते, यात शंका नाही. मात्र पैशाला पाण्याप्रमाणे वाट काढता येते. न्यायालय गहाणखत तपासू लागले म्हणताच पुष्कळ सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. पैसे फेडलेस की शेत परत देईन, हे तोंडी वचन. ते पाळले तर ठीक, नाही तर शेत गेले. शिवाय साध्या कुळाला कर्ज मिळणेही अवघड झाले.

यहुदी समाजालाही नेमकी हीच अडचण आली होती. सातवे वर्ष जवळ आले की धनिक हात आखडता घेतील आणि गरजूला रिकाम्या हाताने परतावे लागेल, हा धोका अनुवादाच्या लेखकाने आधीच ओळखला होता आणि असा विचार मनात आणण्यालाही त्याने पाप ठरविले होते. तरीही तसे घडलेच. तेव्हा गरिबांना कर्ज मिळत राहावे म्हणून हिल्लेल या थोर धर्मगुरूंनी, येशूजन्माच्या सुमारास, एक तोड काढली. कर्जरोखा न्यायमंडळाच्या स्वाधीन केला की सातव्या वर्षीही ते कर्ज बुडत नसे. हेतू दयेचा होता. पण त्यामुळे सातव्या वर्षाची सूट बऱ्याच अंशी नावापुरती उरली. कर्ज सोडले तर पुढचे कर्ज मिळत नाही आणि न सोडले तर माणूस उभा राहत नाही, हा पेच जेरुसलेमला होता, सुप्याला होता आणि कुंडललाही होता.

कुंडलचा न्याय

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा लढा सुरू झाला. सातारा जिल्ह्यातील कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत या जिल्ह्याच्या गावोगावी क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र. कुंडलचे जी. डी. बापू लाड हे त्याचे अग्रणी कार्यकर्ते आणि तुफान सेनेचे प्रमुख. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे, आपल्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला होता. इंग्रजांच्या पोलिसांना हुकविण्यासाठी संस्थानाची हद्द भूमिगतांच्या चांगलीच उपयोगी पडली.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेचा पगार नेणारी गाडी अडवून लुटण्यात आली, ही घटना सर्वश्रुत आहे. अशा धाडसांच्या कथा आपण आवडीने ऐकतो. मात्र गावकऱ्यांच्या दृष्टीने प्रतिसरकारचे खरे काम न्यायमंडळांत चाले. सावकारी पिळवणूक, बांधाचे तंटे, स्त्रियांवरील अत्याचार, चोऱ्या आणि दरोडे यांचे निवाडे गावातच, गावकऱ्यांसमोर होऊ लागले. वकील नको, मुद्रांक नको आणि तालुक्याला खेटे नकोत. सावकारांना आणि गहाणवट धरणाऱ्यांना जाब द्यावा लागला. दाबलेल्या जमिनी मूळ मालकांना परत मिळाल्या. खतातील आकडा पाहून डोळे मिटणारे न्यायासन आणि दोन्ही बाजूंची घरे ओळखणारे न्यायासन यांत फरक असतोच. नहेम्याच्या सभेशी या मंडळांचे साम्य आम्हांला येथे दिसते. धनिकाला त्याच्याच गावकऱ्यांसमोर उत्तर द्यावे लागले.

याच चळवळीने गांधी पद्धतीच्या विवाहांचा प्रसार केला. हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज नाही. १९४४ साली भूमिगत असतानाच जी. डी. बापूंचा विवाह कुंडलला याच पद्धतीने झाला. दुसऱ्याचे ऋण सोडविण्याबरोबर आपल्या घरात नवे ऋण शिरू न देणे हाही ऋणमोचनाचाच भाग आहे, हे त्या तरुणांना उमगले होते.

तथापि, आपण ख्रिस्ती म्हणून या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड करू शकत नाही. अपराध्याच्या तळपायांवर मार देण्याची शिक्षाही या न्यायात होती आणि तीवरूनच 'पत्री सरकार' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. दरोडेखोरांनी आणि खबऱ्यांनी गांजलेल्या मुलखात, परकीय सत्तेशी झुंजताना हे घडले, हे खरे. त्या पिढीने सोसलेला तुरुंगवास आणि प्राणांची किंमत आम्ही जाणतो. तरीही भीतीपोटी परत केलेल्या शेतात आणि पश्चात्तापाने परत केलेल्या शेतात अंतर उरतेच. जक्कयाने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे ठरविले, तेव्हा कोणी काठी उगारली नव्हती. प्रभू त्याच्या घरी केवळ जेवावयास आला होता. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जक्कयाची वाट पाहत किती पिढ्यांनी शेते गमवावीत? ज्या समाजात धर्मपीठे कर्जाविषयी मौन पाळतात, तेथे न्याय मागणाऱ्यांच्या हाती काठी आली, तर त्या मौनाचाही त्यात वाटा असतो.

याच परिसराची आणखी एक आठवण येथे नोंदवावीशी वाटते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा बेळगावचा कारखाना हलविण्याची वेळ आली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळच्या ओसाड माळावर जागा दिली आणि बिनव्याजी कर्जही दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर तयार होऊन शेतकऱ्यांच्या हाती गेले. एकाच शिवारात आपल्याला दोन प्रकारचे कर्ज दिसते : एक माणसाला खाली दाबणारे आणि दुसरे त्याला उभे करणारे.

खळ्यातला वाटा

१९४७ साली मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. शेतकऱ्यांची कर्जे तपासून कमी करण्यात आली आणि फेडीचे हप्ते बांधून देण्यात आले. पुढे सहकारी सोसायट्या गावोगावी पोहोचल्या. कुंडललाही शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तो आज जी. डी. बापूंच्याच नावाने ओळखला जातो. असे असूनही कर्जमाफीचा प्रश्न सुटलेला नाही. केंद्र सरकारने २००८ साली साठ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. महाराष्ट्र सरकारने २०१७ आणि २०१९ साली अनुक्रमे दीड लाख आणि दोन लाख रुपयांच्या मर्यादेच्या योजना आणल्या. या सर्व योजना बँका आणि सोसायट्यांच्या कर्जापुरत्या. ज्याला बँक दारात उभी करीत नाही आणि जो खासगी सावकाराकडूनच घेतो, तो सर्वांत गरीब माणूस बहुधा यादीबाहेरच राहतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. त्या वाचण्याची आपल्याला सवय होऊन गेली, हे अधिक भयंकर आहे.

येथे अनुवादाच्या त्याच पंधराव्या अध्यायातील एक तरतूद मार्ग दाखविते. कर्जापायी दास झालेल्या माणसाला सातव्या वर्षी मुक्त करताना त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. आपल्या कळपातून, खळ्यातून आणि द्राक्षकुंडातून त्याला उदारपणे वाटा द्यावा, अशी आज्ञा आहे. कर्जाचा आकडा पुसला म्हणजे काम संपले, असे धर्मशास्त्र मानीत नाही. सुटलेल्या माणसापाशी पुढच्या पेरणीचे बी नसेल, तर तो वर्षभरात पुन्हा त्याच दारात उभा राहील. सूट आणि बियाणे, क्षमा आणि औदार्य ही एकाच आज्ञेची दोन अंगे आहेत. आमच्या मते दख्खनच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात हीच जोडी वारंवार तुटली. आगीने कागद गेले, पण बियाणे आले नाही. कायद्याने सावकाराला आवरले, पण त्याच्या जागी दुसरा देणारा लवकर उभा केला नाही.

ख्रिस्तसभेला हे भान कधी नव्हतेच असे नाही. चौथ्या शतकात संत अंब्रोज यांनी व्याजखोरीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफन नाकारले. केवळ निषेधाने भागत नाही हे ओळखून १४६२ साली इटलीतील पेरुज्या येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी गरिबांना अल्प मोबदल्यात तारणावर कर्ज देणारी पेढी सुरू केली. आपल्या वसईत १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक पतपेढी स्थापन झाली. बागायतदाराला सावकाराच्या दारातून सोडवून आणण्याचा तो प्रयत्न होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली, दोन हजाराव्या वर्षाच्या महाज्युबिलीची तयारी करताना, गरीब राष्ट्रांच्या कर्जाचा भार हलका करण्याचे आवाहन केले. पोप फ्रान्सिस यांनीही २०२५ च्या ज्युबिलीची घोषणा करताना, जी राष्ट्रे कर्ज कधीच फेडू शकणार नाहीत त्यांचे कर्ज सोडून द्यावे, असे धनाढ्य राष्ट्रांना सांगितले. योबेलचे शिंग मुके झालेले नाही.

प्रश्न आपल्यापुरता उरतो. निर्दय सेवकाच्या दाखल्यात राजाने सोडलेले ऋण दहा हजार तालांतांचे आहे आणि त्या सेवकाने आपल्या सोबत्याच्या गळ्याला हात घातला तो शंभर दीनारांसाठी. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार. हिशेब केला तर पहिले ऋण दुसऱ्याच्या सहा लाख पट भरते! प्रभूला ही विसंगती हसण्यावारी न्यावयाची नव्हती. राजाच्या महालातून क्षमा घेऊन बाहेर पडल्यावर रस्त्यातच आपल्याला कोणीतरी देणेकरी भेटतो, हे त्याला सांगावयाचे होते.

तो देणेकरी आपल्याही ओळखीचा आहे. शेताचा तुकडा आपल्याकडे गहाण ठेवून मुलीच्या आजारपणासाठी पैसे नेणारा तो असेल. आपल्या घरी धुणीभांडी करून उचल फेडणारी बाई असेल. वाडीतल्या कामावर येणारा आणि पावसाळ्यापूर्वीची उचल दिवाळीपर्यंत फेडू न शकणारा आदिवासी गडी असेल. त्यांच्या नावाची वही आपल्या कपाटात असू शकते आणि आपण दर रविवारी त्या कपाटाला कुलूप लावूनच मिस्साला जातो. आम्ही हे लिहिताना आमच्याही घरातील वह्या आम्हांला आठवल्या, हे कबूल केले पाहिजे.

कुंडलच्या त्या काळातील पिढी आता जवळजवळ संपली आहे. जी. डी. बापू २०११ साली निवर्तले. ज्यांची शेते परत मिळाली त्यांची नातवंडे आज त्याच मातीत ऊस लावतात. आपल्या आजोबांचे खत कोणाच्या पेटीत होते, हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही. विसरणे हेही ऋणमुक्तीचे एक फळच म्हणावयाचे. पण ज्याची शेते परत गेली नाहीत, तो विसरत नाही. येत्या प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण प्रत्येकाने ते कपाट एकदा उघडावे, एखादे पान फाडावे आणि ज्याच्या नावाचे ते पान असेल त्याच्या घरी, पुढच्या पेरणीला काही घेऊन, स्वतः जावे. त्यानंतर म्हटलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही' हे शब्द उच्चारताना आपला आवाज अडखळणार नाही.